ऐकत राहिलं की चढत जाणारा अल्बम : इंडियन ओशनचा ‘कंदीसा’

तापीकाठ (भुसावळ)

मंडळी, रॉकवरचे धागे इथे अधूनमधून निघतात, पण गाडी बहुतेक वेळा एखाद्या सोलोवर नाहीतर कुठला बँड का फुटला यावरच अडते. मला एका अख्ख्या अल्बमबद्दल लिहायचंय. ‘कंदीसा’, साल २०००, बँड दिल्लीचा इंडियन ओशन. गिटार सुस्मित सेन, तबला आणि गाणं असीम चक्रवर्ती, बेस गिटार आणि गाणं राहुल राम, ड्रम्स अमित किलम. सुस्मित आणि असीमने १९९० मध्ये बँड सुरू केला. १९९३ ला पहिला अल्बम, १९९७ ला ‘डेझर्ट रेन’ हा लाइव्ह अल्बम आणि त्यानंतर हा.

हा अल्बम पहिल्या ऐकण्यात हाताला फारसं काही लागू देत नाही. ज्यांना ज्यांना मी तो ऐकवला त्यांचं उत्तर ठरलेलं : “चांगलंय, पण लक्षात काही राहिलं नाही.” त्यांचं चुकत नाही. आपले कान मुखडा-अंतऱ्यावर वाढलेले. गाणं सुरू झालं की गायक लगेच यायला हवा आणि मुखडा घरी जाईपर्यंत तोंडात बसायला हवा. इथे गाणारा आवाज येतो, दोन ओळी म्हणतो आणि मागे सरतो. तो मागे सरला म्हणून गिटार पुढे येऊन मिरवते असंही नाही. चौघं बरोबरीने बोलत राहतात आणि कान कोणाकडे द्यावा ते कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की एका बैठकीत एकालाच ऐका. एकदा फक्त बेस धरा. ‘लीव्हिंग होम’मध्ये सुरुवातीला सुस्मितच्या गिटारची धून तेवढी ध्यानात राहते. बेसच्या मागे गेलात की लक्षात येतं, राहुल राम नुसता खालून आधार देत नाहीये, त्याची स्वतःची धून चालू आहे. पुढच्या वेळी तबला धरा. असीम तबला वाजवता वाजवता गायचा. हे कळल्यावर त्याचं गाणं वेगळं ऐकू येतं, कारण त्याचा श्वास आणि त्याचे बोल एकाच माणसाच्या अंगातून निघतायत. मग सुस्मितकडे या. त्याच्या गिटारवर एक तार मोकळी घुमत असते आणि दुसरीवर सूर चालतो, त्यामुळे एकच माणूस वाजवत असला तरी मागे कोणी तानपुरा धरून बसल्यासारखं वाटतं. असं करत करत एक दिवस चौघं एकदम ऐकू येतात, आणि त्या दिवसापासून हा अल्बम तुमचा होतो.

खान्देशात हा ज्यांनी ऐकलाय, आणि ज्यांनी ऐकून सोडून दिलाय, दोघांनी लिहा. सोडून दिलेल्यांनी तर नक्कीच.

---

केळीबाग (रावेर)

भो, मस्त विषय काढला. माझ्याकडे कॅसेट होती, अजून आहे, पण टेप बंद पडला. कॅसेटचा फायदा असा होता की आवडलं नाही म्हणून पुढे ढकलायचं म्हटलं तर बटण दाबून बसावं लागायचं आणि नेमकं पुढच्या गाण्याच्या मध्येच जाऊन पडायचो. त्यापेक्षा वाजू दे म्हणायचो. असाच ‘खजुराहो’ वाजत राहिला. आज मला सगळ्यात जास्त तोच आवडतो. त्या काळी फोनवर ऐकत असतो तर पहिल्याच मिनिटात बदलला असता.

---

धुळेकर_रॉक

धाग्याबद्दल धन्यवाद, पण दोन गोष्टी स्पष्टच लिहितो.

पहिली, हा रॉक अल्बम आहे का? यात डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) नाही, गिटार जवळजवळ पूर्ण वेळ स्वच्छ वाजते, मध्ये तबला आहे. याला फ्यूजन म्हणा. रॉक म्हटल्यावर माणूस ज्या अपेक्षेने येतो ती इथे पुरी होत नाही आणि मग त्याला वाटतं अल्बम फसला.

दुसरी, ऐकत राहिलं की चढणारे अल्बम म्हणून मी वेगळी, ब्रिटिश बँडांची नावं घेईन. पिंक फ्लॉइडचा १९७७ चा ‘अ‍ॅनिमल्स’. मध्ये तीनच लांब ट्रॅक, दोन्ही टोकांना एकाच छोट्या गाण्याचे दोन तुकडे. आधीच्या अल्बमांसारखा लगेच गोड लागत नाही. रेडिओहेडचा ‘किड ए’, हाही २००० चाच. बँडने त्यातलं एकही गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, काढलं नाही. गिटारच्या जागी सिंथेसायझर आणि यंत्रांचे आवाज ऐकून त्यांचे जुने चाहते गोंधळले होते. टॉक टॉकचा १९८८ चा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ तर लंडनच्या स्टुडिओत जवळजवळ अंधार करून रेकॉर्ड केलेला. त्याच बँडची आधीची नाचरी गाणी ऐकून आलेल्यांना तो अजिबात पचला नाही, आणि आज लोक त्याचं नाव आदराने घेतात. या अल्बमांनी ऐकणाऱ्याकडून खरोखर काही मागितलं. ‘कंदीसा’ काय मागतो? तो तर कानाला गोडच आहे.

---

तापीकाठ

धुळेकर, तिन्ही अल्बम मोठेच आहेत, ‘स्पिरिट ऑफ ईडन’ तर माझाही लाडका. पण ‘कंदीसा’ गोड आहे हेच त्याला अवघड करतं. ‘किड ए’ पहिल्या मिनिटात सांगून टाकतो की बाबा, कष्ट घ्यावे लागतील. ‘कंदीसा’ असं काही सांगत नाही. तो मागे चालू राहतो, त्रास देत नाही, आणि म्हणूनच माणूस तो नीट न ऐकताच “ऐकला” म्हणून मोकळा होतो.

रॉकचं म्हणाल तर मी ते गिटारच्या खरखरीवर ठरवत नाही. ‘हिल्ले ले’ ऐका. गोरख पांडेंचे भोजपुरी शब्द, जनतेची पलटण निघालीय आणि दुनिया हलतेय असं सांगणारे. ते गाणं ज्या जोराने उभं केलंय त्यात रॉकचं काय कमी आहे ते सांगा. चार माणसांचा बँड, आपलं वाजवणं आपणच रचलेलं, एका खोलीत बसून वर्षानुवर्षं घासलेलं. करोलबागेतल्या खजूर रोडवरच्या जुन्या घरात त्यांचा सराव चालायचा. पुढे २०१० मध्ये त्या घराच्या पत्त्यावरूनच त्यांनी एका अल्बमचं नाव ठेवलं.

---

साउंडवाला (चोपडा)

मी मंडप-साउंडचं काम करतो, म्हणून माझ्या बाजूने एक सांगतो. हा अल्बम पहिल्यांदा फिका वाटण्याचं अर्धं कारण तुमच्या खिशात आहे.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली की तिचा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झला असतो. तबल्याचा डग्गाही खालीच बोलतो. फोनच्या स्पीकरमधून ३००-४०० हर्ट्झच्या खालचं धड बाहेर पडतच नाही. सूर कोणता ते मेंदू वरच्या आवाजांवरून जुळवून घेतो, पण वजन येत नाही. म्हणजे राहुल राम जवळजवळ गेला, असीमचा डावा हात गेला, अमितचा किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गेला. उरलं काय? गिटारची वरची टिणटिण आणि आवाज. ज्या अल्बममध्ये चौघं बरोबरीचे, त्यातले अडीच तुम्ही दाराबाहेर ठेवले तर तो लक्षात राहील कसा?

‘अ‍ॅनिमल्स’मध्ये गिटार आणि गायक एवढे पुढे आहेत की फोनवरही बरंच काही मिळतं. इथे नाही मिळत. माझ्या गोडाउनमध्ये एक जोडी मोठे टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि एक बेस बॉक्स जोडून मी ‘मा रेवा’ लावलं होतं. पोरं केबल गुंडाळत होती. बेस सुरू झाला तशी दोघं हातातलं काम ठेवून बॉक्सजवळ जाऊन बसली. तीच पोरं हेच गाणं गाडीत लागलं की बदलायला सांगायची.

मोठे स्पीकर सगळ्यांकडे नसतात, कबूल. कानावर पूर्ण बसणारा साधा हेडफोन घ्या, तेवढा पुरतो. आणि आवाज फार वाढवू नका. यात हळू वाजलेलं पुष्कळ आहे, ते मोठं करायला जाल तर जोराच्या जागा कानावर आदळतील.

---

केळीबाग

साउंडवाला भाऊ, हे कोणी सांगितलंच नव्हतं. आज रात्रीच पोराचा हेडफोन घेतो.

---

अक्राणी (धडगाव)

‘मा रेवा’चं नाव निघालंय तर मला लिहावंच लागेल. या गाण्याला खान्देशात पाहुणं म्हणू नका. ते आपल्याच नदीचं आहे, रेवा म्हणजे नर्मदा.

राहुल राम यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांच्या अभ्यासात पीएचडी केली. परत आल्यावर ९० च्या दशकातली सुरुवातीची वर्षं ते नर्मदा बचाओ आंदोलनात होते. हे खोऱ्यातलं पारंपरिक गाणं तिथूनच बँडमध्ये आलं. आता नकाशा समोर घ्या. नर्मदा महाराष्ट्राला शिवते ती फक्त एका जिल्ह्यात, आपल्या नंदुरबारमध्ये, आणि तीही फक्त सीमेवरून, ५४ किलोमीटर. तिच्यावरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. मणिबेली हे त्यातलं पहिलं. तेव्हा नंदुरबार जिल्हाही नव्हता, तो धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला.

मार्च १९९३ मध्ये जागतिक बँकेचं या धरणासाठीचं कर्ज थांबलं. १८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. हा अल्बमही त्याच वर्षीचा. २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीला गेलं. ज्या काठावर कधीकाळी ज्वारी-मका व्हायचा, तिथे आता बार्ज (सपाट तळाची मोठी बोट) चालते.

आणि एवढं सगळं असून गाण्यात धरणाचा शब्दही नाही. अमरकंटकहून निघालेल्या नदीचं कौतुक आहे. पाणी निर्मळ आहे, खळखळ वाहतंय, तिने लोकांची सेवा केली, एवढंच. पहिल्यांदा मला हे भजनासारखं वाटलं होतं, बरं वाटलं आणि विसरलो. नंतर नोकरी इकडे लागली. शाळेच्या कामाने नदीकाठच्या वस्त्यांवर जाणं सुरू झालं. थांबलेलं पाणी रोज बघणाऱ्या माणसाने वाहत्या पाण्याचं गाणं ऐकावं, यातलं सगळं मी इथे लिहू शकत नाही. इतकंच सांगतो, की राहुल राम ते गाणं रडत नाहीत. ते उत्साहाने, जवळजवळ नाचत गातात. मला आधी तेच खटकायचं. आता वाटतं की नदी जशी होती तशी गाण्यात ठेवायची असेल तर ते असंच गायला हवं. रडून गायलं असतं तर ते फक्त धरणाचं गाणं झालं असतं.

तापीकाठ यांनी लिहिलं की एका वेळी एकच वाद्य ऐका. माझं त्यावर पुढचं म्हणणं आहे : काही गाणी वाद्यांनी उलगडत नाहीत, जागेने उलगडतात.

---

धुळेकर_रॉक

अक्राणी सर, हे वाचून ‘मा रेवा’ पुन्हा लावलं. रॉक की फ्यूजन हा माझा मुद्दा मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवतो.

पण एक प्रश्न उरतोच आणि तो मला खरंच पडलाय. कुठलीही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की आवडायला लागते, हे खरं नाही का? मग त्यात अल्बमचं श्रेय किती आणि आपल्या सवयीचं किती?

---

मानसी_जळगाव

मानसशास्त्र शिकवते, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

धुळेकर दादा, तुमच्या प्रश्नाला पाठबळ आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी अक्षरं, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, काही थोड्या वेळा, काही जास्त वेळा. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त बरं वाटलं. अर्थ माहीत नसतानासुद्धा. नुसत्या ओळखीनेच पसंती वाढते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. डॅनियल बर्लाइन यांनी १९७० च्या दशकात मांडलं की आवड सतत वर जात नाही. ती चढते, एका टोकाला पोचते आणि मग उतरते. साधी, लगेच समजणारी चीज लवकर टोकाला जाते आणि लवकर उतरते. गुंतागुंतीची चीज सुरुवातीला मागे असते, चढायला वेळ घेते आणि उतरायलाही वेळ घेते. लग्नसराईत डीजेवर जे गाणं पहिल्या आठवड्यात सगळ्यांना नाचवतं, तेच सीझन संपता संपता नको होतं. ओळख तर त्याचीच सगळ्यात जास्त झालेली असते ना? म्हणजे नुसती सवय पुरत नाही. दर वेळी सापडायला नवं काहीतरी उरलेलं लागतं.

मग ‘कंदीसा’चं श्रेय कुठे? एवढी वर्षं ऐकूनही तो उतरत नाही, तिथे. वर साउंडवाला आणि अक्राणी सरांनी जे लिहिलं ते मला या सिद्धांतापेक्षा जास्त पटतं, कारण दोघांनीही आपल्याला नंतर काय सापडलं ते नेमकं सांगितलंय.

---

रेल्वेकॉलनी (भुसावळ)

शीर्षक गीताबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ‘कंदीसा’ हे केरळच्या सीरियन ख्रिश्चन लोकांचं जुनं स्तोत्र. भाषा अरामाईकच्या घरातली, सिरियाक. आमच्या शेजारी एक मल्याळी काकू राहायच्या, नवऱ्याची नोकरी रेल्वेत. एकदा आमच्याकडे हे गाणं चालू होतं आणि त्या डबा परत द्यायला आल्या. दारातच थांबल्या. मग बरोबर म्हणायला लागल्या. लहानपणी चर्चमध्ये हेच म्हणायच्या. पुढे १९६० च्या दशकात प्रार्थना मल्याळममध्ये आली आणि हे मागे पडलं.

गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, चर्चमध्ये आम्ही हे सरळ म्हणून पुढे जायचो, ही माणसं एकेका शब्दापाशी थांबतात. हे वाक्य माझ्या कानात राहिलंय. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा बघा. शब्द मोजकेच आहेत, तेच परत येतात, पण दर वेळी आवाज वेगळ्या जागेवरून उचललाय आणि मागचं वाजवणं थोडं वर सरकलंय. हे चढणं इतकं बेताचं आहे की कुठून सुरू झालं ते पकडता येत नाही. शेवटी गाणं भरून येतं तेव्हा एकदम सुरुवातीचा भाग लावून बघा, दोन्हींतलं अंतर तेव्हा कळेल.

---

कानबाईचा_रोट (अमळनेर)

मनी मायनी बी आइकं हाई गानं. काय भाषा शे ते तिले समजनं नही, पन म्हने, “हाई देवनं गानं शे ना?” आमनाकडे कानबाई देवीना रातले बाया एकच ओळ घोळी-घोळी म्हनतस, तिले ते वळखीनं वाटनं व्हई.

इंडियन ओशनचा चाहता नाही, पण धागा पूर्ण वाचला. छान चाललाय.

---

सातपुडा_ट्रेकर (शहादा, सध्या पुणे)

+१ रेल्वेकॉलनी.

माझी सुरुवात उलटी झाली. मी कॉलेजात ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमातलं याच बँडचं ‘बंदे’ ऐकलं आणि बँड शोधला. त्या गाण्याला पीयूष मिश्रांचे शब्द आहेत आणि ते पहिल्याच ऐकण्यात धरून ठेवतं. त्यानंतर ‘कंदीसा’ लावला तर वाटलं, हीच माणसं का? ‘बंदे’ माझं कधीच पाठ झालं, आता वर्षातून एखाद्या वेळी लावतो. ‘कंदीसा’ अजून चालू आहे. मानसीताई म्हणतात ते माझ्या बाबतीत अगदी तसंच घडलंय.

एक विचारायचं होतं. असीमदा गेल्यानंतरच्या मैफिली कोणी ऐकल्यात का? मला रेकॉर्डिंगमधला आवाज डोक्यात घेऊन जायची भीती वाटते.

---

साउंडवाला (चोपडा)

मी ऐकलीय एक, पुण्यात. असीम चक्रवर्ती गेले २५ डिसेंबर २००९ ला, सुस्मित सेन बाहेर पडले २०१३ मध्ये. आता तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गिटारवर निखिल राव, गायला हिमांशू जोशी. म्हणजे ‘कंदीसा’तले निम्मे लोक नाहीत. पण भीती बाळगू नका, जा. निखिल रावची गिटार सुस्मितची नक्कल करत नाही, तिचा आवाजच वेगळा आहे, आणि तेच बरं. नक्कल असती तर तुम्ही सारखे मागे बघत बसला असता. राहुल राम आणि अमित किलम यांचं आपसातलं वाजवणं तर समोर बसूनच ऐकावं असं आहे. रेकॉर्डिंगमध्ये जे मला बेस आणि किक ड्रम म्हणून वेगळं काढावं लागतं, ते तिथे एकच होऊन छातीवर येतं.

---

धुळेकर_रॉक

साउंडवाल्यांच्या सांगण्यावरून हेडफोनवर पूर्ण अल्बम एका बैठकीत ऐकला, मग फक्त तबला धरून परत. तबला आणि ड्रमसेट एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, हे याआधी माझ्या लक्षात आलंच नव्हतं. ‘कौन’मध्ये तर कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते शोधत राहिलो.

‘स्पिरिट ऑफ ईडन’च्या पुढे मी हा अजूनही ठेवणार नाही. तो अल्बम शांततेचा जसा वापर करतो तसा इथे नाही, इथे सतत काहीतरी भरलेलं आहे. पण परत ऐकणार हे नक्की. तापीकाठ, यानंतर त्यांचं काय घ्यावं?

---

तापीकाठ

२००३ चा ‘झीनी’ घ्या. माणसं हीच चार. शीर्षक गीत कबीराचं. शब्द आपल्याला आधीच ठाऊक असतात, त्यामुळे ते समजून घेण्यात कान अडकत नाही आणि पहिल्याच वेळी वाजवण्याकडे जातो. ‘कंदीसा’वर कान तयार करून गेलात तर हा लवकर उघडतो. मात्र ‘कंदीसा’ सोडून थेट ‘झीनी’वर जाऊ नका.

शांततेबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. ‘खजुराहो’ची सुरुवात हेडफोनवर, रात्री, घरातले पंखे बंद करून ऐका आणि मग इथे लिहा. मे महिना आहे, पंखे बंद करणं अवघड आहे हे मला माहीत आहे. जून लागू द्या.